दोन भिंती आणि एक इलेक्ट्रॉन

पाटाचे दार अधिक उघडले की शेतात अधिक पाणी येते. टाकी उंचावर बसवली की नळाची धार जोरदार पडते. दाब वाढला की प्रवाह वाढतो, हा नियम मनुष्याच्या नित्य अनुभवात इतका मुरलेला आहे की त्याला अपवाद असू शकेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. विजेच्या बाबतीत हाच नियम जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडला. तारेच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब दुप्पट केला की तीमधून वाहणारा प्रवाहही दुप्पट होतो, असे हा नियम सांगतो. सर्व पदार्थ तो इतक्या काटेकोरपणे पाळत नाहीत. तरीही दाब वाढवल्यावर प्रवाह थोडाफार वाढावा, निदान घटू नये, अशी अपेक्षा कोणीही करील.

१९५७ मध्ये टोकियो येथील एका लहानशा कंपनीत काम करणाऱ्या लिओ एसाकी या तरुण भौतिकीविज्ञाला नेमके याच्या उलट दिसले. पुढील वर्षी ही कंपनी सोनी या नावाने ओळखली जाऊ लागली. एसाकी जर्मेनियमच्या डायोडांचा अभ्यास करीत होते. एका विशिष्ट मर्यादेपलीकडे दाब वाढवला की त्यांच्या डायोडातील प्रवाह वाढण्याऐवजी उतरू लागे, आणि दाब आणखी वाढवल्यानंतर पुन्हा चढू लागे. कागदावर आलेख काढला तर त्यात प्रथम एक शिखर, मग एक दरी आणि त्यानंतर पुन्हा चढण दिसे. या दरीचा उलगडा करताना जो विचार पुढे आला त्याने अर्धवाहकांच्या विज्ञानाला नवी दिशा दिली. त्याच विचाराचे अधिक परिपक्व रूप म्हणजे अनुस्पंदी बोगदा-डायोड होय. त्याचे कार्य समजण्यासाठी आधी ‘बोगदा’ या शब्दाचा येथील अर्थ स्पष्ट करून घेतला पाहिजे.

न खणलेला बोगदा

कोकणातून देशावर जायचे तर सह्याद्रीची भिंत आडवी येते. ती ओलांडण्याचे दोन मार्ग आहेत. एक तर घाट चढून माथ्यापर्यंत जावे आणि पलीकडे उतरावे. नाही तर डोंगरात बोगदा खणून त्यातून पार व्हावे. घाट चढण्याइतकी शक्ती गाडीत नसेल आणि बोगदाही नसेल, तर ती पायथ्याशीच राहणार.

अतिसूक्ष्म कणांच्या जगातही असे डोंगर असतात. इलेक्ट्रॉन ज्या पदार्थात सहजपणे फिरतो त्याला लागून दुसऱ्या एखाद्या पदार्थाचा थर असा असतो की त्यात शिरण्यासाठी अधिक ऊर्जा लागते. ही अधिक ऊर्जा म्हणजे डोंगराची उंची. इलेक्ट्रॉनाजवळ तेवढी ऊर्जा नसेल तर जुन्या यामिकीनुसार तो त्या थरावर आपटून परत फिरला पाहिजे. या थराला पुढे सोयीसाठी ‘ऊर्जेची भिंत’ म्हटले आहे.

तथापि इलेक्ट्रॉन हा केवळ चेंडूसारखा कण नाही. १९२४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई द ब्रॉग्ली यांनी प्रत्येक गतिमान कणाबरोबर एक तरंग निगडित असतो, असे प्रतिपादन केले. १९२७ मध्ये अमेरिकेतील डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून तो तरंगासारखाच विखुरला जातो असे दाखवून दिले. या तरंगाची तीव्रता ज्या ठिकाणी जितकी अधिक, तितकी त्या ठिकाणी इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता अधिक, असा पुंज यामिकीचा सिद्धांत आहे.

तरंगाला भिंत लागली की तो तिच्या पृष्ठभागापाशी एकदम नाहीसा होत नाही. तो भिंतीच्या आत शिरतो आणि झपाट्याने क्षीण होत जातो. भिंत जाड असेल तर तो आतच विरून जातो. परंतु ती पुरेशी पातळ असेल तर पलीकडच्या पृष्ठभागापर्यंत त्याचा थोडासा अंश शिल्लक राहतो आणि तेथून पुन्हा मोकळा तरंग म्हणून पुढे जातो. याचा अर्थ असा की, भिंतीवर आदळणाऱ्या पुष्कळ इलेक्ट्रॉनांपैकी काही थोडे पलीकडे सापडतात. त्यांनी माथा ओलांडलेला नसतो, भिंतीत भोकही पाडलेले नसते आणि त्यांची ऊर्जाही कमी झालेली नसते. या घटनेला ‘बोगदा परिणाम’ असे नाव मिळाले. नाव चित्रमय आहे. मात्र बोगदा कोणीही खणलेला नसतो, हे विसरता कामा नये.

ही कल्पना प्रयोगशाळेतील करामत म्हणून जन्माला आली नाही. युरेनियमसारख्या जड अणूंच्या केंद्रातून आल्फा कण बाहेर पडतात. पण त्यांच्याजवळ केंद्राची ऊर्जेची भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसते, हे एक कोडे होते. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमॉव्ह यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी, आल्फा कण भिंतीतून पार होतात असे गृहीत धरून ते कोडे सोडवले. म्हणजे किरणोत्सर्गी खनिजे पृथ्वीवर जितकी जुनी आहेत, तितकाच हा परिणामही जुना आहे.

भिंतीच्या जाडीला या व्यवहारात विलक्षण महत्त्व आहे. ज्या पदार्थांचा विचार पुढे येणार आहे त्यांत भिंतीची जाडी २ नॅनोमीटरने वाढली की पार होणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे प्रमाण सुमारे आठपटीने घटते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. तेव्हा बोगदा परिणामाचा उपयोग करून घ्यावयाचा असेल, तर काही थोड्या अणूंइतक्या जाडीची भिंत बांधता आली पाहिजे.

एसाकींचा डायोड

अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांना वाटेल ती ऊर्जा धारण करता येत नाही. त्यांच्यासाठी ऊर्जेचे दोन पट्टे मोकळे असतात. खालच्या पट्ट्यात अणूंना बांधलेले इलेक्ट्रॉन असतात आणि वरच्या पट्ट्यात मुक्तपणे वाहणारे. या दोहोंच्या मधला भाग निषिद्ध असतो. शुद्ध अर्धवाहकात विशिष्ट अशुद्धी मिसळून एका भागात मुक्त इलेक्ट्रॉनांची विपुलता आणि दुसऱ्या भागात त्यांची उणीव निर्माण करतात. असे दोन भाग एकमेकांना जोडले म्हणजे डायोड, अर्थात द्विप्रस्थ, तयार होतो.

एसाकी यांनी दोन्ही भागांत अशुद्धीचे प्रमाण नेहमीपेक्षा पुष्कळच वाढवले. त्यामुळे मधला सांधा इतका अरुंद झाला की इलेक्ट्रॉन त्यातून बोगदा परिणामाने पार होऊ लागले. थोडा दाब दिला की एका बाजूचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या जागांच्या बरोबर समोर येत आणि प्रवाह वाहू लागे. दाब वाढवला की तेच इलेक्ट्रॉन निषिद्ध भागासमोर येत. पलीकडे जाऊन बसावयास जागाच नसल्यामुळे प्रवाह उतरे. आणखी दाब वाढवल्यावर नेहमीच्या डायोडाप्रमाणे प्रवाह पुन्हा सुरू होई. घन पदार्थातील बोगदा परिणामाचा हा इतका स्पष्ट पुरावा होता की १९७३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक एसाकी यांना, अतिसंवाहकांवरील संबंधित कार्याबद्दल आयव्हर येव्हर व ब्रायन जोसेफसन यांच्यासमवेत, देण्यात आले.

एसाकी डायोडात एक अडचण होती. अशुद्धीचे प्रचंड प्रमाण आणि अत्यंत अरुंद सांधा यांमुळे तो विद्युत् भार साठवणाऱ्या धारित्रासारखाही वागे. हा साठा प्रत्येक बदलाच्या वेळी भरावा आणि रिकामा करावा लागतो, आणि त्यामुळे वेगावर बंधन येते. शिवाय अशुद्धीच्या अणूंची मांडणी मनुष्याच्या इच्छेप्रमाणे होत नाही. सांध्याचा आकार ठरवणे म्हणजे पुष्कळसे मिश्रणाच्या हवाली होणे होय. भिंत मिश्रणातून निघण्याऐवजी गवंड्याप्रमाणे थरावर थर रचून बांधता आली तर काय होईल, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

झोका, तरफा आणि दोन आरसे

एका भिंतीच्या जागी दोन भिंती उभ्या केल्या तर इलेक्ट्रॉनांची वाट दुप्पट अवघड होईल, असे कोणालाही वाटेल. समजा, एकेका भिंतीतून शंभरांपैकी एकच इलेक्ट्रॉन पार होतो. मग दोन्ही भिंती थेट पार करणारा इलेक्ट्रॉन दहा हजारांत एक असणार. मधल्या जागेत मागे-पुढे आपटून अखेरीस पलीकडे निसटणारे जमेस धरले, तरी हे प्रमाण दोनशेत एकाच्या वर जात नाही. इलेक्ट्रॉन म्हणजे बारीक चेंडू असते तर हा हिशेब अचूक ठरला असता. प्रत्यक्षात विशिष्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांसाठी दोन सारख्या भिंती जणू अस्तित्वातच नसल्यासारख्या होतात आणि ते जवळजवळ सर्वच्या सर्व पार होतात. याचे कारण अनुस्पंदन होय.

अनुस्पंदन ही नित्य परिचयाची गोष्ट आहे. झोक्याला प्रत्येक वेळी योग्य क्षणी हलकासा धक्का दिला की तो उंच उंच जाऊ लागतो. अवेळी दिलेले जोरदार धक्केही वाया जातात. सतारीवर मुख्य तारेतून एखादा स्वर वाजला की त्याच स्वरात मिळवलेली तरफेची तार कोणी न छेडताच झंकारते. शेजारच्या तारा मात्र जवळजवळ स्तब्ध राहतात. ज्या तारेची स्वतःची कंप्रता येणाऱ्या कंपनाशी जुळते, तीच त्याला प्रतिसाद देते.

प्रकाशाच्या बाबतीत हाच प्रकार फ्रान्समधील शार्ल फाब्री व आल्फ्रेड पेरो यांनी १८९९ मध्ये सिद्ध केलेल्या उपकरणात दिसतो. जवळजवळ सर्व प्रकाश परत फिरवणारे दोन आरसे एकमेकांसमोर समांतर ठेवले, तर त्यांतून प्रकाश जाऊ नये. तथापि दोन आरशांमधील अंतरात अर्ध्या तरंगलांबीचे पूर्ण पट बसत असतील, तर त्या रंगाचा प्रकाश सरळ आरपार जातो. इतर रंग अडतात.

असे का व्हावे? आरशांच्या मधल्या जागेत शिरलेला अल्पसा तरंग मागे-पुढे परावर्तित होत राहतो. अंतर जुळलेले असेल तर प्रत्येक फेरीत नव्याने शिरणारा तरंग आधीच्या तरंगाशी पाऊल जुळवून मिळतो आणि आतील तरंग वाढत जातो. तो इतका प्रबळ होतो की पहिल्या आरशातून त्याचा जो थोडा भाग मागे गळतो, तो आरशावरून परत फिरणाऱ्या मूळ प्रकाशाला अचूक छेदून टाकतो. परत जाणारे काहीच उरले नाही, म्हणजे सर्व काही पुढे गेलेच पाहिजे.

दोन ऊर्जा-भिंतींमधील इलेक्ट्रॉनाची स्थिती तंतोतंत अशीच असते. मधल्या अरुंद जागेला ‘पुंज-कूप’ म्हणतात. विहिरीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनाच्या तरंगाला तेथे नेमके बसता येईल अशाच लांबी घ्याव्या लागतात, आणि लांबी ठरली की ऊर्जाही ठरते. म्हणून विहिरीत इलेक्ट्रॉनाला राहण्यासाठी शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे मोजक्या ऊर्जा-पातळ्या असतात. बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा यांपैकी एखाद्या पातळीशी जुळली तरच त्याला दोन्ही भिंती खुल्या होतात. थोडी जरी कमी-अधिक झाली तरी त्या पुन्हा भिंतीच बनतात.

अणूंच्या थरांची गवंडीविद्या

हे सर्व कागदावर सुंदर दिसत असले, तरी प्रत्यक्षात आणण्यासाठी तीन-चार नॅनोमीटर जाडीचे, कडा अगदी साफ असलेले थर हवे होते. एसाकी १९६० मध्ये अमेरिकेतील आय. बी. एम. या कंपनीच्या संशोधन केंद्रात दाखल झाले होते. तेथे त्यांनी राफाएल त्सू यांच्यासह १९७० मध्ये दोन अर्धवाहकांचे पातळ थर आलटून पालटून रचलेल्या कृत्रिम स्फटिकाची कल्पना मांडली. १९७३ मध्ये त्सू व एसाकी यांनी अशा मोजक्या थरांतून होणाऱ्या बोगदा परिणामाचे गणित प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये लेरॉय चांग यांच्यासमवेत त्यांनी दोन भिंतींचा डायोड प्रत्यक्ष तयार करून त्यातील अनुस्पंदनाचा पुरावा दिला.

यासाठी निवडलेल्या पदार्थांची जोडी मोठी सोयीची होती. गॅलियम आर्सेनाइड हा एक अर्धवाहक. त्यातील गॅलियमच्या काही अणूंच्या जागी ॲल्युमिनियमचे अणू बसवले की दुसरा अर्धवाहक मिळतो. दोहोंच्या स्फटिकांतील अणूंमधील अंतरे जवळजवळ सारखीच असल्यामुळे एकावर दुसऱ्याचा थर तडा न जाता बसतो. मात्र ॲल्युमिनियम असलेल्या थरात शिरण्यासाठी इलेक्ट्रॉनाला अधिक ऊर्जा लागते. गॅलियमच्या दहांपैकी तीन अणूंच्या जागी ॲल्युमिनियम आले, तर भिंतीची उंची सुमारे पाव इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते. एक व्होल्टचा दाब पार करताना इलेक्ट्रॉनाला जी ऊर्जा मिळते तिला एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणतात.

थर रचण्याची पद्धत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आल्फ्रेड चो आणि जॉन आर्थर यांच्या कार्यातून विकसित झाली होती. अत्यंत विरळ निर्वात असलेल्या पोलादी पात्रात तापवलेली स्फटिकाची चकती ठेवतात. लहान लहान भट्ट्यांमधून गॅलियम, ॲल्युमिनियम आणि आर्सेनिक यांच्या वाफेचे झोत तिच्यावर सोडतात. अणू चकतीवर येऊन आपापल्या जागी बसतात आणि थर वाढू लागतो. झडप उघडली की तो पदार्थ येतो, मिटली की थांबतो. ही वाढ इतकी सावकाश होते की एकेक अणुथर मोजून रचता येतो.

समजा, विहिरीची रुंदी ५ नॅनोमीटर ठेवली. गॅलियम आर्सेनाइडचा एक थर सुमारे ०.२८ नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे ही विहीर केवळ अठरा थरांची झाली. गणित केले असता या विहिरीतील सर्वांत खालची पातळी तळापासून सुमारे ०.०८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीवर येते. अठराच्या जागी एकोणीस थर पडले तर हीच पातळी सुमारे पाच टक्क्यांनी खाली सरकते. एका थराची चूक आणि डायोडाचा स्वभाव बदलला, असे हे नाजूक काम आहे.

दाब दिल्यावर काय घडते

आता डायोडाचे कार्य पायरीपायरीने पाहता येईल. दोन भिंतींच्या एका बाजूस इलेक्ट्रॉनांचा साठा असतो. त्याला उत्सर्जक म्हणतात. दुसऱ्या बाजूस ते गोळा होतात. तो संग्राहक होय. उत्सर्जकातील इलेक्ट्रॉन तळ्यातील पाण्याप्रमाणे तळापासून एका ठरावीक उंचीपर्यंत भरलेले असतात. समजा, ही उंची ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. विहिरीतील पातळी ०.०८ वर असल्याने ती या तळ्याच्या पृष्ठभागाच्याही वर राहते. तिच्याशी जुळणारी ऊर्जा जवळजवळ कोणत्याच इलेक्ट्रॉनाजवळ नाही. म्हणून आरंभी प्रवाह नाममात्र असतो.

डायोडाला दाब दिला की संग्राहकाची बाजू खाली उतरते. मधली विहीर दोहोंच्या मध्यावर असल्याने ती दाबाच्या साधारण निम्म्याने खाली येते. दाब ०.०६ व्होल्ट झाला की विहिरीतील पातळी ०.०३ ने उतरून तळ्याच्या पृष्ठभागाला टेकते, आणि अनुस्पंदी प्रवाह सुरू होतो.

त्यानंतर पातळी पृष्ठभागाखाली बुडत जाते आणि प्रवाह वाढत जातो. असे का होते हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इलेक्ट्रॉनाच्या गतीचे दोन भाग असतात: एक भिंतीच्या दिशेने, दुसरा भिंतीला समांतर. पातळीशी जुळावयाची असते ती केवळ भिंतीच्या दिशेच्या गतीची ऊर्जा. तळ्यातील सर्वांत वरच्या इलेक्ट्रॉनांनी आपली सगळी ऊर्जा भिंतीच्या दिशेने लावली तरच ती पृष्ठभागाइतकी होते, आणि असे इलेक्ट्रॉन फारच थोडे असतात. भिंतीच्या दिशेने कमी ऊर्जा असलेल्यांना मात्र समांतर दिशेने अनेक प्रकारे गती असू शकते. म्हणून त्यांची संख्या मोठी असते. परिणामी पातळी जितकी तळाकडे जाईल तितके अधिक इलेक्ट्रॉन तिच्याशी जुळतात.

दाब ०.१६ व्होल्टच्या सुमारास पोहोचला की पातळी तळ्याच्या तळाशी येते. येथे प्रवाहाचे शिखर असते. दाब आणखी किंचित वाढवला की पातळी तळाच्याही खाली जाते. उत्सर्जकात तळापेक्षा कमी ऊर्जेचा एकही इलेक्ट्रॉन नसतो. तेव्हा जुळणारे कोणी उरत नाही, भिंती मिटतात आणि प्रवाह एकदम कोसळतो. दाब वाढला आणि प्रवाह घटला. एसाकींच्या आलेखातील दरी येथे पुन्हा प्रकट होते. मात्र या खेपेस ती अशुद्धीच्या मिश्रणातून आलेली नसून अणूंचे थर मोजून घडवलेली असते. दाब बराच वाढवला की वरची दुसरी पातळी जुळू लागते, काही इलेक्ट्रॉन भिंतीच्या माथ्यावरूनही जाऊ लागतात आणि प्रवाह पुन्हा चढतो.

दरी कधीही पूर्ण कोरडी नसते. स्फटिकातील अणू उष्णतेने सतत थरथरत असतात. त्या थरथरीशी ऊर्जेची देवघेव करून काही इलेक्ट्रॉन अवेळीही पार होतात. थरांच्या कडांवरील खडबडीतपणा आणि भटक्या अशुद्धी यांचाही हात असतो. शिखराचा प्रवाह दरीच्या प्रवाहाच्या किती पट आहे, यावरून डायोडाचा दर्जा ठरवतात. १९७४ च्या डायोडात ही दरी अतिशीत तापमानातही जेमतेम दिसे. १९८५ च्या सुमारास ती खोलीच्या नेहमीच्या तापमानातही स्पष्ट दिसू लागली.

या ठिकाणी एका वादाचा उल्लेख केला पाहिजे. १९८५ मध्ये सर्गेई लुर्यी यांनी असे दाखवून दिले की, दरी निर्माण होण्यासाठी आरशांसारखे सुसंगत अनुस्पंदन आवश्यकच नाही. इलेक्ट्रॉन प्रथम पहिल्या भिंतीतून विहिरीत आला, तेथे धक्के खाऊन आपल्या तरंगाची लय विसरला आणि नंतर स्वतंत्रपणे दुसऱ्या भिंतीतून निघून गेला, असे मानले तरी आलेखाचे स्वरूप तेच राहते. कारण पहिल्या भिंतीतून आत येताना पातळी जुळण्याची अट कायमच असते. प्रत्यक्षातील बहुतेक डायोडांत दोन्ही प्रकार कमी-अधिक प्रमाणात मिसळलेले असतात. अनुस्पंदनाचे चित्र त्यामुळे खोटे ठरत नाही. पण केवळ दरी दिसली म्हणून ते सिद्धही होत नाही.

उलट्या रोधाचा उपयोग

दाब वाढला असता प्रवाह कमी होतो, त्या भागात डायोडाला ऋण रोध आहे असे म्हणतात. यावरून तो फुकटची वीज निर्माण करतो असा समज होऊ नये. त्याला बॅटरीतून सतत ऊर्जा पुरवावी लागते, आणि तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वायाही जातो. ऋण रोधाचा अर्थ इतकाच की दाबात लहानसा चढउतार झाला, तर डायोड त्याला विरोध करण्याऐवजी खतपाणी घालतो.

झोका सोडून दिला की हवेच्या आणि दोरीच्या घर्षणाने तो हळूहळू थांबतो. विद्युत् मंडलातील आंदोलनेही रोधामुळे अशीच विझतात. त्या मंडलात ऋण रोधाचा डायोड जोडला, की प्रत्येक हेलकाव्यात रोधाने जेवढी ऊर्जा खाल्ली तेवढी तो बॅटरीतून घेऊन परत देतो, आणि आंदोलने अखंड चालू राहतात. अशा मंडलाला आंदोलक म्हणतात. रेडिओ, रडार आणि दूरसंदेशवहन यांचा तो पाया आहे.

हा डायोड अतिशय शीघ्र आहे, ही त्याची खरी थोरवी होय. विहिरीत आलेला इलेक्ट्रॉन तेथे किती वेळ रेंगाळतो ते भिंतींच्या जाडीवर अवलंबून असते. भिंती पातळ केल्या तर हा काळ सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्याही खाली आणता येतो. शिवाय एसाकी डायोडाप्रमाणे येथे अशुद्धी ठासून भरण्याची गरज नसल्याने विद्युत् भाराचा साठाही मर्यादित राहतो. १९८३ मध्ये अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेत सॉल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २.५ टेराहर्ट्झ कंप्रतेच्या तरंगांनाही असा डायोड प्रतिसाद देतो, असे दाखवून दिले. टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लक्ष कोटी कंपने. प्रतिसाद देणे आणि स्वतः आंदोलने निर्माण करणे यांत मात्र पुष्कळ अंतर होते. १९९१ पर्यंत आंदोलकाची कंप्रता ०.७१ टेराहर्ट्झपर्यंत पोहोचली. २०१० मध्ये टोकियो तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी एक टेराहर्ट्झची मर्यादा ओलांडली, आणि त्यानंतरच्या दशकात ती जवळजवळ दोन टेराहर्ट्झपर्यंत गेली. ही आंदोलने खोलीच्या तापमानात, तांदळाच्या दाण्याहूनही लहान तुकड्यात निर्माण होतात.

या कंप्रतांचे तरंग रेडिओ-तरंग आणि उष्णतेची किरणे यांच्या सीमेवर येतात. ते कागद, कापड, प्लॅस्टिक यांतून जातात, पण पाणी त्यांना शोषून घेते. अनेक वायू आपापल्या विशिष्ट कंप्रतेला त्यांना अडवतात, आणि त्यावरून वायूंची ओळख पटते. थोड्या अंतरावर प्रचंड वेगाने संदेश पाठवण्यासही ते उपयोगी आहेत. या प्रदेशाच्या उंबरठ्यावर पहिले पाऊल पडले ते भारतात, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. १८९० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी केवळ ५ मिलिमीटर लांबीचे विद्युत् तरंग निर्माण करून त्यांचे प्रयोग करून दाखवले. ते तरंग टिपण्यासाठी त्यांनी शिशाच्या गॅलेना या खनिजाचा स्फटिक वापरला, आणि १९०४ मध्ये त्याचे अमेरिकन एकस्व त्यांना मिळाले. मिलिमीटर तरंग आणि अर्धवाहक स्फटिक यांची गाठ तेव्हापासूनची आहे.

मर्यादा आणि वारसा

इतके गुण असूनही हा डायोड घरोघरच्या यंत्रांत दिसत नाही, याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पहिले कारण असे की त्यातून मिळणारी शक्ती अल्प असते; सर्वोच्च कंप्रतांना ती मिलिवॉटच्या लहानशा अंशावर येते. दुसरे कारण त्याची दोनच टोके. ट्रँझिस्टरला तीन टोके असतात. त्यामुळे आत येणारा संकेत आणि बाहेर जाणारा संकेत वेगळे ठेवता येतात. दोन टोकांच्या डायोडात ते एकमेकांत मिसळतात, आणि त्यांची मोठी साखळी जोडणे कठीण होते. तिसरे कारण त्याच्या जन्मातच आहे. एका अणुथराच्या फरकाने ज्याचा स्वभाव बदलतो असे कोट्यवधी डायोड अगदी एकसारखे घडवणे फार अवघड आणि खर्चाचे काम आहे. दरम्यान सिलिकॉनचे ट्रँझिस्टर लहान आणि शीघ्र होत गेले.

तथापि एखाद्या शोधाचे मोल केवळ त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंवरून ठरत नाही. इलेक्ट्रॉनासाठी ऊर्जेच्या पायऱ्या हव्या तशा बांधता येतात आणि त्या परस्परांशी जुळवून त्याला हव्या त्या ठिकाणी नेऊन सोडता येते, हे दोन भिंतींच्या या लहानशा रचनेने सिद्ध केले. १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेत जेरोम फाइस्ट, फेदेरिको कापासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा लेसर तयार केला. त्यात इलेक्ट्रॉन विहिरींच्या ओळीतून धबधब्याप्रमाणे पायरीपायरीने खाली उतरतो. प्रत्येक टप्प्यावर तो अनुस्पंदी बोगदा परिणामाने योग्य पातळीवर पोहोचवला जातो आणि तेथून उतरताना अवरक्त प्रकाश देतो. हवेतील वायूंचे सूक्ष्म प्रमाण मोजण्यासाठी असे लेसर वापरले जातात.

आल्फा कण अणुकेंद्राच्या भिंतीतून कोणाच्याही इच्छेविना बाहेर पडतो. एसाकींच्या जर्मेनियममधील भिंत मिश्रणाच्या प्रमाणातून निघाली होती. गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडात मात्र भिंत किती जाड, विहीर किती रुंद आणि पातळी किती उंच हे सर्व मनुष्याने आधी ठरवलेले असते. निसर्गाचा नियम तिन्ही ठिकाणी एकच आहे. पहिल्या ठिकाणी त्याचे केवळ निरीक्षण करता आले, दुसऱ्या ठिकाणी त्याचा उलगडा झाला आणि तिसऱ्या ठिकाणी त्याच्या आधारे बांधकाम करता आले. पाऊण शतकाच्या आत विज्ञानाने केलेली ही वाटचाल अठरा अणुथरांच्या त्या विहिरीत सामावलेली आहे.